आवक

१

गौरीशंकरच्या दुकानाची पायरी चढला आणि 'या, बसा' ऐकू आलं नाही, असं सांगणारा माणूस कळंबात सापडायचा नाही. हात कटिंग मशीनखाली असोत, तोंडात सुपारी असो, पाठ फिरलेली असो, पायरीवर चपलेचा आवाज झाला की तो 'या, बसा' म्हणायचा. कोण आलंय ते नंतर बघायचं. ही सवय वडिलांची. चन्नबसप्पांची मोंढ्यात धान्याची आडत होती आणि धंद्याचा त्यांचा मंत्र एकच होता: उभा माणूस निघून जातो, बसलेला माणूस सौदा करतो. आधी बसवा, ओळख मागून निघते.

आडत पुढं भावांच्या वाटणीत गेली. गौरीशंकरनं एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत छपाईचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळेच्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्स. पुढं दुकान, मध्ये पाव्हण्यारावळ्यांची एक खोली, मागं स्वयंपाकघर, असं एका रेषेत घर. दुकान आणि मधली खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता पडदा होता. शाळा त्यानं दहावीनंतर पाहिली नव्हती, पण कॉम्प्युटर तो नवा बैल शिकवावा तसा शिकला होता. कधी चुचकारत, कधी शिव्या देत, आणि कुणाचाही सल्ला न घेता.

बाकी सगळं जमलं, पण एका गोष्टीनं तो बेजार होता. ती म्हणजे पिवळी पट्टी. गिऱ्हाईक मोबाईलवरून फाईल पाठवायचं, ती कॉम्प्युटरवर उतरायची, आणि उघडली की वर पिवळी पट्टी: ही फाईल बाहेरून आलेली आहे, जपून. मग फाईलवर जा, तिची माहिती उघड, खाली बारीक अक्षरात एक चौकोन असतो त्यात टिकली मार, तेव्हा कुठं ती मोकळी व्हायची. एका फाईलचं ठीक आहे. लग्नसराईत पायरीवर रांग लागलेली असताना प्रत्येक फाईलची अशी झडती घ्यायची म्हणजे डोकं फिरायचं.

त्याला मोंढ्याच्या गेटवरचा गुंडप्पा आठवायचा. गुंडप्पा राखणदार होता आणि प्रत्येक गाडी अडवायचा. कुठनं आला, कुणाचा माल, असं विचारून हातातल्या खडूनं पोत्यावर गावाचं नाव घालायचा. शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडायचे. एकदा बाजारच्याच दिवशी गुंडप्पा तापानं पडला. गाड्या झरझर आत आल्या, सगळे खूश. संध्याकाळी मोंढ्यात पोत्यांचा एक ढीग उरला. कुणाची, कुठली, कुणालाच सांगता येईना. दोन दिवस कुत्री त्यावर झोपली. शेवटी चन्नबसप्पांनीच खडू घेतला, मनाला येतील ती गावं पोत्यांवर घातली आणि माल वाटेला लावला. कुणाची तक्रार आली नाही. हा किस्सा गौरीशंकर गिऱ्हाइकांना हसून सांगायचा.

त्या दिवशी ईटचा बलभीम आला होता. आई धुरपदाबाईच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स करायचा होता. फोटो, मजकूर, पाव्हण्यांची नावं, अशा पाच-सहा फायली त्यानं पाठवल्या. गौरीशंकर एकेक मोकळी करत बसला. बलभीम बाकड्यावर बसून बघत होता.

"आप्पा, हे दुकान हाय का पोलीस ठाणं?" तो म्हणाला. "माझ्या आईला बी जबाब द्यायला लावता का काय?"

रांगेतले हसले. गौरीशंकरही हसला, पण ते त्याला लागलं. दुकानात आलेल्याला ताटकळत ठेवणं हे त्याच्या रक्तात नव्हतं. दुपारभर मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यानं कॉम्प्युटरला हुकूम देणारी चार-पाच ओळींची एक स्क्रिप्ट जमवली. 'आवक' नावाचं फोल्डर केलं. बाहेरून येणारी प्रत्येक फाईल त्यात पडायची, आणि पडली रे पडली की स्क्रिप्ट तिची बाहेरून आल्याची खूण आपोआप काढून टाकायची. पिवळी पट्टी नाही, टिकली नाही, विचारपूस नाही.

व्हिडिओतला माणूस जाता जाता सांगत होता की या खुणेतच फाईल कुठून आली ते लिहिलेलं असतं, तेही त्याबरोबर पुसलं जातं. गौरीशंकरनं तो भाग पुढं ढकलला.

२

आता एकच अडचण उरली. फाईल इतकी गुपचूप यायची की आली कधी तेच कळेना. स्क्रिप्टला एखादा आवाज जोडता येतो हे त्यानं शोधून काढलं. आधी घंटीचा जोडला, पण तो डॉक्टरच्या दवाखान्यासारखा वाटायला लागला. मग वाटलं, माणूस आला काय आणि फाईल आली काय, गिऱ्हाईकच ते. त्याचंही स्वागत 'या, बसा' असंच व्हायला पाहिजे.

स्वतःचा आवाज भरून बघितला. तो एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा निघाला. तेव्हा तो मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेला.

त्याची बायको शिवकांता भाकरी थापत होती. माकणीची मुलगी, धरणाच्या बाजूच्या हवेत वाढलेली. आवाज असा, की दारात उभ्या माणसाचा शीण जावा. तिनं आधी नाही म्हटलं. तिच्या माहेरची एक रीत होती आणि ती तिनं इथं आल्यावरही सोडली नव्हती. दारात आलेल्याला 'या' म्हणायचं, लगेच 'कुठलं म्हणायचं आपण?' म्हणून गाव विचारायचं, आणि मगच पाण्याचा तांब्या पुढं करायचा. गौरीशंकर तिला तलाठीबाई म्हणून चिडवायचा. ती म्हणायची, गाव सांगितलेला माणूस उठतो वेळेवर, घरची आठवण निघते त्याला.

"नुसतं 'या' म्हणून सोडून द्यायचं?" ती म्हणाली. "आणि गाव कुणी इचारायचं? पाणी कुणी द्यायचं?"

"फायलीला कुठं आलीय तहान?" तो म्हणाला.

ती हसली. पिठाचे हात तसेच धरून, मोबाईलकडं न बघता, जणू दारात कुणी उभं आहे अशा सुरात तिनं एकदा म्हटलं: "या, बसा."

तेवढंच त्यानं घेतलं.

धंद्याला तो आवाज मानवला. मशीन चालू असायचं, पलीकडं झेरॉक्स फडफडत असायची, आणि मधूनच शिवकांताचा गोड सूर यायचा. गिऱ्हाइकांना मौज वाटायची. वहिनी आत आहेत का बाहेर, असं लोक विचारायचे. काहींनी तर मुद्दाम बाकड्यावर बसल्या बसल्या फोटो पाठवून बघितले. गौरीशंकर प्रत्येकाला तीच गोष्ट नव्यानं सांगायचा.

३

उन्हाचे दिवस. दुपारी शटर अर्ध्यावर ओढून दोघं जेवायला बसले होते. लाईट गेलेली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहायचा, पण इंटरनेटचा डबा मात्र बंद पडायचा. गौरीशंकरनं ताकाची वाटी तोंडाला लावली आणि पुढून आवाज आला.

"या, बसा."

तो उठला नाही. एखादी अडकलेली फाईल आता आली असेल म्हणाला. वाटी संपवली. मग त्याच्याच लक्षात आलं की इंटरनेट बंद आहे. हात धुऊन तो पुढं गेला. शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती, बाकडं रिकामं होतं. 'आवक'मध्ये एक फाईल होती. तिला नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. आकार शून्य. उघडली तर पांढरी खिडकी उघडली आणि तशीच राहिली. त्यानं ती पुसून टाकली. कॉम्प्युटर आहे, उन्हानं त्याचंही डोकं तापतं.

मागं वळला तर शिवकांता मधल्या खोलीत उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

"कोण आलंय?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय. मशीन बरळलं."

"पडदा हलला की."

"पंख्यानं हलला असंल," तो म्हणाला.

दोघांनीही वर बघितलं. पंखा बंद होता. लाईट नव्हतीच. शिवकांतानं तांब्या भिंतीशी ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि राहिलेलं जेवायला गेली. गौरीशंकरही विसरला. संध्याकाळी दिवा लावताना ती म्हणाली की फुलपात्र उताणं होतं आणि तांब्या अर्धा झालाय, तुम्ही प्यालात का. तो हो म्हणाला. प्याला होता की नाही हे त्याला आठवत नव्हतं, पण हो म्हणणं सोपं होतं.

४

त्यानंतर ते अधूनमधून होऊ लागलं. नेहमी दुपारच्या शांत वेळेला. शिवकांताचा आवाज पुढून यायचा, आणि मागून शिवकांता स्वतः उठून तांब्या घेऊन मधल्या खोलीत जायची. दुकानातून गौरीशंकरला दोन्ही ऐकू यायचे. आधी तिचा आवाज, मग तिची पावलं. आवाज बाहेरून आत जायचा आणि पावलं आतून बाहेर यायची, आणि मधल्या खोलीत दोन्ही थांबायचे.

'आवक'मध्ये तशीच एक बिननावाची फाईल असायची. तो पुसायचा. मनाला सांगायचा, व्हायरस असणार. हल्ली कुणीही कुठूनही काहीही पाठवतं. आवाजाचं काय घेऊन बसायचं.

एकदा तो पडदा सारून मधल्या खोलीत गेला. खोली नेहमीसारखीच होती. भिंतीला टेकून लोखंडी पलंग, कोनाड्यात देवाची पेटी, खाली निळी सतरंजी. भर दुपारचा उजेड खिडकीतून सरळ सतरंजीवर पडला होता आणि त्या उजेडात सतरंजीला खोलवे दिसत होते. पोतं उचलून नेल्यावर जमिनीवर खळगा राहतो तसे. भिंतीच्या कडेकडेनं, एकमेकांपासून बेतशीर अंतरावर. पंगतीला बसतात तसे. तो खाली वाकला आणि एका खोलव्यावर तळहात ठेवायला गेला. तळहात टेकवायच्या आधी त्याला वाटलं की हे बरं दिसणार नाही. का वाटलं ते कळलं नाही. हात मागं घेऊन तो उभा राहिला, आणि अवघडल्यासारखा गळा साफ करून बाहेर आला.

शिवकांता खंगत चालली होती. गालाची हाडं वर आली. गौरीशंकर तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, पोटात अन्न जात नाही, खायला घाला. तिनं मान हलवली. घरी आल्यावर ताट पुढं ठेवलं तर तिनं ते बाजूला सारलं.

"जेवत का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"पाव्हणं बसल्यात," ती शांतपणे म्हणाली. "ते उठल्याबिगर मी कशी जेवू?"

त्यांच्या घराची ती जुनी रीत. दारी आलेला जेवून किंवा नुसतं पाणी पिऊन उठल्याशिवाय घरच्या बाईनं तोंडात घास घालायचा नाही. हे त्याला ठाऊक होतं. त्याची आई तशीच वागली होती.

"कोण पाव्हणं?"

"तुम्ही बोलावलेले. माझ्या आवाजात." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "चांगली माणसं हायत. गुमान बसत्यात. पर गाव इचारलं की खाली बघत्यात. ठावच न्हाय त्यांला. कुठनं आलो ते ठाव न्हाय, मग जायचं कुठं? म्हणून बसल्यात."

त्या रात्री गौरीशंकर कितीतरी वेळ छताकडं बघत पडला. लेक शिवप्रिया लग्न होऊन आळंदकडं गेल्यापासून घर रिकामं झालं होतं. एकटेपणानं बाईमाणसाला असं काही दिसतं, हे त्यानं ऐकलं होतं. असंच असेल, असं त्यानं ठरवलं. पण ठरवलेलं आणि पटलेलं यात फरक असतो, आणि धंद्यात मुरलेल्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

५

सकाळी त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे स्क्रिप्ट बंद केली. आवाजाची फाईल पुसली. पिवळी पट्टी परत आली. गिऱ्हाईक कुरकुरलं, त्यानं ऐकून घेतलं.

धाराशिवात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक ओळखीचा गडी होता. त्याला फोन लावून गौरीशंकरनं इकडचं तिकडचं विचारलं आणि मध्येच सहज म्हणून घातलं, की एकदा काढलेली खूण परत घालता येते का. तो म्हणाला, कुठून आली ती माहितीच पुसली की परत कुठनं आणणार, आप्पा? एखादी खोटी खूण घालता येईल म्हणा, पण त्याचा काय उपयोग?

आवाज थांबला. पाव्हणे मात्र उठले नाहीत. शिवकांताचा तांब्या सकाळी भरायचा आणि संध्याकाळी रिकामा व्हायचा. तिनं दोन घोट ताक घेतलं तर घेतलं, नाही तर तेही नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एकदा भाकरी थापताना ती खाली बसली ती उठलीच नाही; त्यानं धरून उठवली तेव्हा ती त्याला रिकाम्या पोत्याइतकी हलकी लागली. दवाखाना झाला होता, मठातल्या स्वामींचा अंगारा झाला होता. आता राहिलं होतं ते वडिलांचं मोंढ्यातलं शहाणपण.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शटर पूर्ण खाली ओढलं. तोंड धुतलं, टोपी घातली आणि मधल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसला. शिवकांता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघत होती. रिकाम्या खोलीत मोठ्यानं बोलायचं म्हणजे कसं वाटतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. त्यानं आधी थोडं हवापाण्याचं बोलून घेतलं. ऊन लई वाढलंय म्हणाला. मग पहिल्या खोलव्याकडं बघून, मोंढ्यात बोलतात त्या खणखणीत आवाजात म्हणाला:

"तुम्ही ईटचे. व्हय ना? ईटचेच तुम्ही. घरचे वाट बघत असतील."

काही झालं नाही. मग सतरंजीचा खोलवा हळूहळू भरून आला, परातीतलं पीठ फुगून यावं तसा. पडदा एका बाजूला झाला आणि परत जागेवर आला. चपला घालताना होतो तसा बारीक आवाज पुढं दुकानात झाला. शटर खालीच होतं.

गौरीशंकरच्या कपाळावर घाम आला, पण त्याचा आवाज हलला नाही. सौद्यात आवाज हलवायचा नसतो. दुसऱ्याला येरमाळा दिलं. तिसऱ्याला मोहा, चौथ्याला शिराढोण, मग इटकूर, आंदोरा, खामसवाडी. प्रत्येकाला मानानं, अहोजाहो करून, जणू जुनी ओळख आहे असं. एकेक खोलवा भरत गेला. पडदा हलत राहिला. खोली मोकळी व्हायला लागली तशी हवा मोकळी झाली. लग्नघरातली माणसं पांगल्यावर होते तशी.

"झालं?" त्यानं शिवकांताला विचारलं.

ती खिडकीखालच्या कोपऱ्याकडं बघत होती.

"एक र्‍हायली. बाई हाय."

त्यानं तिला कळंब दिलं, कोपरा तसाच राहिला. वाशी दिलं, भूम दिलं. खोलवा भरेना. सुचतील ती सगळी गावं त्यानं घेतली. शिवकांता उठली, भिंतीला धरून कोपऱ्यापाशी गेली, समोर बसली. खालच्या आवाजात दोघी लेकीबाळी बोलतात तशी काहीतरी बोलली. गौरीशंकरला फक्त शेवटचं ऐकू आलं.

"मग तू माकणीची हो."

सतरंजी सपाट झाली.

शिवकांता मागं वळली तेव्हा तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी होती. तिनं स्वतःच ताट घेतलं आणि भाकरी, वरण, ठेचा, असं पोटभर जेवली. गौरीशंकर समोर बसून ती घास कशी चावते ते बघत राहिला. काही विचारायचं होतं, पण त्यानं विचारलं नाही. चालू गाडीला खीळ कशाला घालायची?

६

मग काही दिवस बरे गेले. शिवकांताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरात भांड्यांचा, पळीचा, तिच्या गुणगुणण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पिवळी पट्टी आली की गौरीशंकर आता निमूटपणे टिकली मारायचा आणि मारण्याआधी ती फाईल कुणाकडून आली ते नीट वाचायचा.

बलभीम फ्लेक्सचे राहिलेले पैसे द्यायला आला आणि बाकड्यावर टेकून गप्पा मारत बसला. आई ठणठणीत हाय म्हणाला. मग हसत सांगायला लागला, की आमच्या गावात एक गडी येऊन र्‍हायलाय. पारावर बसून असतो. भला माणूस, कुणाच्या वाटंला जात न्हाय.

"इचारलं कुठला, तर म्हणतो हितलाच," बलभीम म्हणाला. "आता गावातल्या कुत्र्याला बी वळखतो मी. ह्याला जन्मात बघितलेला न्हाय. पर गंमत बघा, माझी म्हातारी म्हणती, अरे आपल्या भावकीतलाच हाय की ह्यो. रोज जेवायला बोलावती त्याला."

गौरीशंकर हसला नाही. बलभीमला पाणी दिलं, सुपारी दिली, पायरीपर्यंत पोचवलं. मग आत येऊन पडदा सारला. मधल्या खोलीत गेला. सतरंजी सपाट होती. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप, अगदी नेहमीच्या तालात. तो ऐकून त्याला जरा धीर आला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माकणीहून मेहुणा सिद्धाराम बोलत होता.

"दाजी, आक्का पोचली बरं का. तुम्ही काळजी करत असाल म्हणून लावला."

"कोण पोचली?"

"आक्का. सकाळच्या गाडीनं आली की. लई वाळलीय ओ. आईनं आल्या आल्या रडायला सुरुवात केली. न सांगता आली म्हणून मी म्हणलं दाजींशी काय वाजलं का काय."

गौरीशंकर पलंगाच्या कडेवर बसला. भाकरी थापायचा आवाज चालूच होता.

"तिच्याकडं दे," तो म्हणाला.

फोन हातातून हातात गेला. मागं कोंबड्यांचा आवाज, कुणाचं तरी बोलणं, आणि मग शिवकांताचा आवाज, प्रवासानं थोडा बसलेला.

"अहो, जेवलात का? पहाटंच निघाले, तुम्ही झोपला होता म्हणून उठवलं न्हाय. भाकरी फडक्यात बांधून डब्यात ठेवलीय."

आत थापणं थांबलं. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला.

दोघींतली एक पाव्हणी होती. इतकं त्याला कळलं, आणि त्यापलीकडं काही कळेना. कुठली माकणीला गेली आणि कुठली इथं राहिली, हे ठरवायला त्याच्याकडं काहीच नव्हतं. इतके दिवस त्याच्यासमोर पोटभर जेवते ती? की पहाटे त्याला न उठवता गेली ती? जेवून जिच्या तोंडावर तरतरी आली, तिला त्या दिवशी तरी त्यानं नीट निरखून बघितलं होतं का?

"ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला.

"ऐकतोय. तू बोल," तो म्हणाला. "गाडीला गर्दी होती का?"

ती सांगायला लागली. लोहाऱ्यात उतरून जीप धरली, जीपमध्ये एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती, त्यातली एक सुटली. तो ऐकत होता. स्वयंपाकघरात ताट उचलल्याचा आवाज झाला. वाटी ठेवल्याचा, पाण्याचा तांब्या टेकल्याचा. मग पावलं. ती उंबऱ्याशी आली.

"वाढलंय," उंबऱ्यावरून आवाज आला. तोच आवाज. दारात उभ्या माणसाचा शीण जावा असा.

गौरीशंकरनं मान खाली घातली. खाली घातलेल्या नजरेत त्याला एक ताट पुढं येताना दिसलं, ताट धरलेला हात दिसला आणि मनगटावर हिरव्या बांगड्या. त्याहून वर त्यानं बघितलं नाही.

"आणि गं," तो फोनमध्ये म्हणाला, "त्या कोंबडीचं मग काय झालं?"

ती हसली आणि सांगू लागली. ते संपलं तसं त्यानं आईची तब्येत विचारली. मग धरणाचं पाणी किती उतरलं ते विचारलं. मग सिद्धारामच्या उसाचं. समोर ताट ठेवलेलं होतं, त्यातून वाफ येत होती, आणि सतरंजीवर त्याच्या अगदी जवळ कुणीतरी त्याच्या जेवण्याची वाट बघत बसलं होतं. त्यानं मोबाईल कानाला घट्ट दाबला आणि माकणीचा तो आवाज थांबू नये म्हणून सुचेल ते विचारत राहिला.